कोबीचा काय दोष?

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला आरोग्यावर चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हणणार होते. मी काही डॉक्टर नव्हे. एकतीस वर्षे शाळेत शास्त्र शिकविले, एवढीच माझी पुंजी. परंतु गेल्या मार्गशीर्षात आपल्या भिशीच्या दिवशी जे घडले ते माझ्या मनातून जाईना. आपल्यातल्या एका भगिनीने मोठ्या हौसेने कोबीच्या वड्या करून आणल्या होत्या. खमंग वास सुटला होता. पण ताट फिरले तसे भरलेलेच परत आले. कोणीतरी हळूच म्हणाले, "कोबीतला किडा मेंदूत जातो म्हणे. मोबाईलवर आलंय." त्या भगिनीने ताटावर पुन्हा रुमाल घातला, आणि मला फार वाईट वाटले. वड्या वाया गेल्या म्हणून नव्हे. त्या किड्याची खरी हकीगत मला ठाऊक होती, ती माझ्याच घरात घडली होती, आणि तरीही मी गप्प बसले, म्हणून. आज ते गप्प बसणे सोडावयाचे आहे.

विषय किळसवाणा आहे, हे आधीच कबूल करते. फराळ अजून व्हावयाचा आहे, हेही मला माहीत आहे. पण आपण सर्व जणींनी मुलांचे दुपटे धुतले आहेत, आजारी माणसांची उस्तवार केली आहे. तेव्हा नाकाला पदर न लावता ऐकाल, असा भरवसा आहे.

कोबीवर दिसणारी ती हिरवी अळी बिचारी कोबीचीच. ती तुमच्या मेंदूत जात नाही, कढईत गेली तर मरते, एवढेच. मेंदूत जाणारा जो प्राणी आहे त्याचे मूळ घर वेगळे. त्याला शास्त्रात पट्टकृमी म्हणतात. डॉक्टर मंडळी टेपवर्म म्हणतात. त्याच्या अनेक जातींपैकी आज मी बोलणार आहे ती डुकराच्या मांसातून येणारी. हा कृमी माणसाच्या आतड्यात राहतो, आणि पूर्ण वाढलेला असा फक्त माणसाच्याच आतड्यात राहतो. लांबी दोन ते चार मीटर. एखादा सात मीटरपर्यंतही वाढतो, म्हणजे आपल्या नऊवारीच्या लांबीला फारसे कमी नाही. डोक्याकडच्या आकड्यांनी आतड्याला धरून बसावयाचे आणि शेपटीकडून पेरे गाळावयाचे, हा त्याचा संसार. पिकलेल्या एकेका पेरात पन्नास हजारांपर्यंत अंडी असतात. ज्याच्या पोटात तो असतो त्याला बहुधा काहीच होत नाही. थोडे पोट दुखेल, भूक कमीजास्त होईल, आणि शौचाच्या वेळी कधी पांढुरके, चपटे, शिजलेल्या रुंद शेवयांच्या तुकड्यांसारखे काही दिसेल. बस्स.

आता असा माणूस उघड्यावर शौचाला बसला आणि तेथे डुकरे आली, तर डुकरांच्या पोटात ती अंडी जातात. अंड्यांतून बाहेर पडलेला सूक्ष्म जीव आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरतो आणि डुकराच्या मांसात जाऊन बसतो. दोनतीन महिन्यांत तेथे पाण्याने भरलेली लहानशी पिशवी तयार होते. कशी दिसते म्हणाल, तर उपासाला भिजत घातलेला साबुदाणा फुगतो ना, अगदी तशी, आणि आत एक पांढरा ठिपका. तो ठिपका म्हणजे भावी पट्टकृमीचे डोके. असे मांस कच्चे, अर्धकच्चे खाल्ले की तो दाणा माणसाच्या आतड्यात उलगडतो आणि दोनेक महिन्यांत पूर्ण कृमी होतो.

दाण्यापासून कृमी होतो हे सिद्ध कसे झाले, तीही हकीगत विलक्षण आहे. १८५५ साली जर्मनीत कुखेनमायस्टर नावाच्या डॉक्टराने फाशीची शिक्षा झालेल्या एका कैद्याला, त्याला न सांगता, जेवणातून हे दाणे चारले. शिक्षा झाल्यावर प्रेत तपासले, तेव्हा आतड्यात कोवळे पट्टकृमी आढळले. शोध खरा ठरला, पण ही रीत मला काही पटलेली नाही. मरणाऱ्याच्या ताटात असे काही वाढू नये.

तर हे चक्र. माणूस, डुक्कर, पुन्हा माणूस. वर्षानुवर्षे मी हे रंगीत खडूंनी फळ्यावर काढीत असे. गुलाबी डुक्कर, पिवळा माणूस, मध्ये दोन बाण. मुली सुबक आकृत्या काढीत आणि मी लाल शाईने 'छान' लिहीत असे. परंतु या आकृतीत आणखी एक बाण हवा होता, तो मी कधी काढला नाही. परीक्षेत त्यावर प्रश्न येत नसे. तो बाण माणसाकडून निघतो आणि डुकराकडे न जाता माणसाकडेच येतो. ज्याच्या पोटात कृमी आहे त्याच्या हाताला अंडी लागली, तो हात नीट न धुता त्याने अन्नाला लावला, ते अन्न दुसऱ्याने खाल्ले, की डुकराच्या शरीरात जे होते तेच त्या दुसऱ्या माणसाच्या शरीरात होते. अंडी फुटतात, जीव रक्तात शिरतो, आणि मांसात, डोळ्यात, मेंदूत जाऊन दाणा होऊन बसतो.

म्हणजे दोन वेगळे आजार झाले. मांस खाणाऱ्याच्या पोटात कृमी होतो. मेंदूतला दाणा मात्र मांस खाऊन होत नाही, तो अंडी पोटात गेल्याने होतो. आणि अंडी येतात ती माणसाच्या विष्ठेतून. डुकराचे मांस ज्याने जन्मात पाहिले नाही अशा शाकाहारी माणसालाही तो होतो, तो या वाटेने. हे वाक्य मी दोनदा सांगितले असते, पण त्याऐवजी आमच्या घरचीच गोष्ट सांगते.

१९९८ सालचा जून महिना. आम्ही तेव्हा सांगलीला एकत्र कुटुंबात राहात होतो. सासूबाई, आम्ही दोघे, धाकटे दीर, जाऊबाई आणि त्यांची अकरा वर्षांची मुलगी. शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. जाऊबाई तिची वेणी घालीत होत्या, रिबीन तोंडात धरलेली. एकाएकी मुलीचा उजवा हात हलू लागला. जाऊबाईंना वाटले, चाळा करते आहे, म्हणून पाठीत एक धपाटाही घातला. मग तोंड वाकडे झाले, डोळे फिरले आणि ती जमिनीवर कोसळली. सारे अंग ताठ होऊन झटके देऊ लागले. सासूबाई कांदा फोडून धावल्या, कोणी चप्पल आणली, आणि मी, शास्त्राची बाई, तिच्या दातांत चमचा घालू लागले. त्यात तिचा पुढचा दात तुटला. यातले काहीही करू नये, हे मला पुढे कळले. कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही द्यावे, आजूबाजूचे टोचणारे दूर करावे, आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत थांबले नाही तर दवाखाना गाठावा. तोंडात काही म्हणजे काही घालावयाचे नाही.

मेंदूचे चित्र काढले. त्यात सुपारीहून लहान असा एक डाग आणि भोवती सूज. पहिल्या डॉक्टरांनी निदान केले, मेंदूत क्षयाची गाठ. क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि घरात कुजबूज सुरू झाली. मुलीची ताटवाटी वेगळी काढली गेली. तीन आठवड्यांनी आम्ही मिरजेच्या एका तज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी फोटो उजेडावर धरला, बराच वेळ पाहिला, आणि म्हणाले, "हा क्षय वाटत नाही. हा एक दाणा आहे आणि तो मरतो आहे."

मग त्यांनी आम्हाला वेल्लोरची कथा सांगितली. आपल्या देशात अशा लहान डागांना फार काळ क्षयच समजत. क्षय येथे घरोघरी, तेव्हा दुसरे काही सुचतच नसे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील डॉ. मॅथ्यू चँडी आणि डॉ. वेदांतम् राजशेखर यांनी असे डाग शस्त्रक्रियेने काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा बहुतेकांत क्षय नव्हता, पट्टकृमीच्या दाण्याचे अवशेष होते. १९८९ च्या सुमारास त्यांनी हे जगापुढे मांडले. त्याआधी कितीतरी रुग्णांनी महिनोन् महिने क्षयाच्या गोळ्या खाल्ल्या. दाणा काही महिन्यांत आपोआप विरून जाई, आणि श्रेय मिळे गोळ्यांना. डॉक्टरांनी हे इतक्या सरळपणे सांगितले की मला त्या माणसाविषयी आदर वाटला. आपल्याच धंद्यातली चूक रोग्यापुढे कोण उघडी करतो?

आकडी दाणा जिवंत असताना बहुधा येत नाही, हेही त्यांच्याकडूनच कळले. जिवंत दाणा शरीराला चकवून वर्षानुवर्षे शांत बसतो. तो मरू लागला म्हणजे शरीर त्याला ओळखते, भोवती सूज येते आणि फेफरे येते. हिंदुस्थानात नोकरी करून गेलेल्या इंग्रज सैनिकांवरून हे कळले होते. त्यांना मायदेशी आकड्या येऊ लागल्या, आणि प्रथम कोणाला कारण कळेना. १९६१ साली डिक्सन आणि लिप्सकोंब यांनी अशा ४५० रुग्णांची हकीगत छापली, त्यांत बहुतेक येथे राहून गेलेले शिपाई होते. येथून गेल्यावर कोणाला पाचसात वर्षांनी, तर क्वचित कोणाला वीसतीस वर्षांनीही पहिली आकडी आली होती. म्हणून 'परवा बाहेर काही खाल्ले आणि आज आकडी आली' असा हिशेब येथे चालत नाही.

हे सर्व सांगून झाल्यावर डॉक्टरांनी विचारले, "घरात कोणी डुकराचे मांस खाते का?" सासूबाई उठून उभ्याच राहिल्या. आमच्या घरात अंडेसुद्धा येत नसे, चातुर्मासात कांदालसूण वर्ज्य. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "आजी, मुलीने खाल्ले का, असे मी विचारीत नाही. तुमच्या स्वयंपाकघरात ज्यांचे हात लागतात त्यांपैकी कोणाच्या पोटात कृमी आहे का, एवढेच शोधावयाचे आहे. सगळ्यांची शौचतपासणी करून घ्या."

घरी येईपर्यंत आमचा निकाल लागला होता. कोणी मोठ्याने बोलले नाही, पण सगळ्यांच्या मनात एकच नाव. आमच्याकडे नऊ वर्षे धुणीभांडी करणाऱ्या बाई नाल्याकाठच्या वस्तीत राहात. तेथे डुकरे हिंडत, संडास पुरेसे नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या तेव्हा मी दारातच त्यांना सांगितले, उद्यापासून येऊ नका. महिन्याचे पैसे हातावर ठेवले. हातावर म्हणजे, वरून टाकले. कारण सांगितले नाही. त्यांनीही विचारले नाही. पदराच्या गाठीत पैसे बांधून त्या गेल्या. त्यांची तपासणी करावी हे मला सुचलेच नाही. सुचले नाही असे म्हणते, पण तेव्हा माझ्या मते तपासण्यासारखे काही उरलेच नव्हते.

घरातल्या सगळ्यांच्या डब्या प्रयोगशाळेत गेल्या. एकच राहिली, माझ्या यजमानांची. त्यांची फिरतीची नोकरी. आज घाई आहे, उद्या देतो, असे करीत आठ दिवस गेले. नवव्या दिवशी रात्री, सगळे निजल्यावर, ते माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "मला दिवाळीपासून काहीतरी पडताना दिसतंय." फिरतीवर असताना मित्रांबरोबर ते सर्व काही खात. कोणत्या गावी, कोणत्या ढाब्यावर हे मांस पोटात गेले, हे त्यांनाही सांगता येईना. पांढरे तुकडे दिसत होते, पण बोलावयाचे म्हटले तर खाल्ल्याचेही बोलावे लागले असते. आईला काय वाटेल, या भीतीने आठ महिने तो माणूस गप्प राहिला.

प्रयोगशाळेत त्या तुकड्याला दोन काचांमध्ये दाबून आतल्या गर्भाशयाच्या फांद्या मोजल्या. गाईबैलांच्या मांसातून येणाऱ्या पट्टकृमीत त्या पंधराच्या वर असतात, डुकराच्या मांसातल्यात तेराच्या आत. त्या नऊ निघाल्या. गाईबैलांच्या मांसातला कृमी पोटातच राहतो, त्याची अंडी मेंदूत दाणे करीत नाहीत. हा तो नव्हता.

आमच्याकडे दर रविवारी संध्याकाळी माझे यजमान मुलांसाठी भेळ करीत. चुरमुरे, शेव, कांदा, कैरी, सगळे परातीत घेऊन स्वतःच्या हाताने कालवीत. चमच्याने भेळेला चव येत नाही, असे त्यांचे म्हणणे. पुतणी परातीला चिकटून बसलेली असे आणि पहिला घास तिचा. त्या घासातूनच ते झाले, असे कोणी शपथेवर सांगू शकणार नाही. शाळेच्या दारातल्या गाडीवरूनही झाले असेल. पण त्या रात्रीनंतर ह्यांनी परात पुन्हा हातात घेतली नाही. कृमी एका औषधाने पडून गेला, त्याला काही वेळ लागला नाही. ते २०१४ साली वारले. जाण्यापूर्वी मला म्हणाले होते, कधीतरी बायकांना सांग, नाव घेऊन सांगितलेस तरी चालेल. म्हणून सांगते आहे.

अशीच गोष्ट अमेरिकेतही घडलेली आहे, आणि ती वाचली तेव्हा मला आमचेच घर दिसले. न्यू यॉर्कमधील कर्मठ ज्यू लोकांच्या वस्तीत चार जणांच्या मेंदूत हेच दाणे सापडले. त्यांच्या धर्मात डुकराचे मांस निषिद्ध. डॉक्टर चक्रावले. शोध घेता त्या घरांत लॅटिन अमेरिकेतून आलेल्या मोलकरणी स्वयंपाकाला होत्या आणि एकीच्या शौचात पट्टकृमीची अंडी मिळाली. १९९२ साली हे प्रसिद्ध झाले. माझ्या मनात आले, बघा, तेथे ती मोलकरीणच निघाली. पण तेथे निदान तपासून म्हटले.

आणखी एक हकीगत सांगते, कारण ती चुलीपाशी घडते. न्यू गिनी बेटाच्या पश्चिम भागात, जो इंडोनेशियाच्या ताब्यात आहे, तेथील डोंगरी लोक डुकरे पाळीत, पण त्यांच्यात हा रोग नव्हता. १९७० च्या सुमारास सरकारने बाली बेटावरून त्यांना डुकरे भेट पाठविली. भेटीबरोबर दाणेही आले. काही वर्षांतच तेथील दवाखान्यात भयंकर भाजलेली माणसे येऊ लागली. थंडीमुळे ते लोक झोपडीत विस्तवाभोवती झोपत. झोपेत आकडी येई आणि माणूस विस्तवात पडे. रोग कोणता हे त्या जखमांवरून शोधावे लागले. तेव्हा भगिनींनो, ज्या घरात आकडीचे माणूस आहे तेथे त्याला एकट्याने चुलीपाशी, गॅसपाशी, विहिरीवर, हौदावर जाऊ देऊ नका, निदान औषध लागू पडेपर्यंत.

आता मांसाहारी भगिनींसाठी थोडे. आपल्या मंडळात मूळच्या गोव्याच्या ख्रिस्ती भगिनी आहेत. त्यांनी मला मघाशी विचारलेच, "मग आम्ही सोरपोतेल सोडावे की काय?" मुळीच नको. सोरपोतेलात मांस आधी उकडतात, मग परततात, पुन्हा शिजवितात. त्यात कोणता दाणा वाचणार? धोका आहे तो घाईत भाजलेल्या, आतून गुलाबी राहिलेल्या मांसात आणि कच्च्या चोरिसांत. चोरीस खारवलेले, धुरावलेले असले तरी चांगले शिजवूनच खावे. मांस कापताना साबुदाण्यासारखे काही दिसले तर दुकानदाराची भीड न धरता परत करावे. कच्चे मांस कापलेल्या सुरीने कोशिंबीर चिरू नये. बोकडाच्या मटणात वा कोंबडीत हा कृमी नसतो. मटण मात्र गर्भारपणी कधीही अर्धकच्चे खाऊ नये, त्यातून दुसरा एक सूक्ष्म जंतू गर्भाला इजा करू शकतो. आणि बकऱ्यामेंढ्याच्या काळजात पाण्याची पिशवी दिसली तर ती कुत्र्याला टाकू नका. त्यातून कुत्र्याला एक वेगळा कृमी होतो, आणि कुत्र्यापासून माणसाच्या यकृतात तशाच पिशव्या. तो मोठाच विषय आहे, पुन्हा कधीतरी.

शाकाहारी घरांत कोबी, गाजर, मुळा, कोथिंबीर, पालक हे सांडपाण्यावर पिकविलेले असू शकतात. ही अंडी डोळ्यांना दिसत नाहीत, एका मिलिमीटरात पंचवीसतीस ओळीने बसतील. मिठाच्या पाण्यात बुडविल्याने ती मरतात, या समजुतीवर विसंबू नका. वाहत्या पाण्याखाली चोळून धुतल्याने निघून जातात. कोबीची वरची पाने काढावी, बाकीची सुटी करून धुवावी. शिजविल्यावर भीती नाही. वड्या तर उकडून तळलेल्या होत्या! आणि भाजी कितीही धुतली तरी धुणारा हात तसाच असेल तर काय उपयोग? शौचाहून आल्यावर साबण, आणि नखे कापलेली. हे मुलांना आपण सांगतो, पुरुषांना सांगत नाही.

पण नुसत्या घरच्या साबणाने चक्र तुटत नाही, ते वस्तीत तुटते. जेथे संडास आहेत, ते वापरले जातात आणि डुकरे बांधलेली असतात, तेथे हा कृमी टिकत नाही. पेरू देशाच्या तुंबेस प्रांतात माणसांना औषध, डुकरांना औषध आणि लस, असे एकदमच केले. १०७ खेड्यांपैकी १०५ खेड्यांत रोगाचा प्रसार थांबला, हे २०१६ साली प्रसिद्ध झाले. तशी डुकरांची लस आपल्या हैदराबादेतही तयार होते. आणि माझे असे मत आहे की, नाल्याकाठच्या वस्तीला संडास नाहीत ही त्या वस्तीची लाज नव्हे, ती आपल्या साऱ्या गावाची आहे. आपल्या मंडळाने नगरपालिकेकडे बागेतल्या बाकड्यांसाठी तीन अर्ज केले. या कामी एकही नाही.

पुतणीचे काय झाले, हे तुम्ही विचारणारच. आकडीचे औषध नियमाने दिले. कृमीचे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली, सुजेवरच्या औषधासकट दिले. ते दुकानातून आणून मनाने घेऊ नये, मेंदूत दाणे फार असतील तर जिवावर बेतते. सहा महिन्यांनी फोटो काढला, डाग नाहीसा झालेला. दोन वर्षांनी गोळ्या बंद झाल्या, त्या आजतागायत. लग्नाच्या वेळी घरात दोन तट पडले. सासूबाई म्हणत, सांगू नका. मी आणि जाऊबाई म्हणालो, सांगू. पहिले स्थळ मोडले. पूर्वी हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारा अपस्मार हा लग्नाला बाध मानलेला होता, १९७६ च्या दुरुस्तीने ते शब्द आले होते. १९९९ साली ते काढून टाकले गेले. आजही पुष्कळांना हे माहीत नाही आणि मुलींना नुसत्या धाकात ठेवले जाते. दुसऱ्या स्थळाच्या मुलाने सगळे ऐकून एवढेच विचारले, "आता बरी आहे ना?" तिची मुलगी आता अकरा वर्षांची आहे.

राहिल्या त्या कामाच्या बाई. ह्यांची तपासणी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी नाल्याकाठी गेले. त्या दारात तांदूळ निवडीत बसल्या होत्या. मला पाहून उठल्या नाहीत. मी सगळे सांगितले. काय सांगितले आणि कसे, ते आठवत नाही. ऐकून घेऊन त्यांनी आधी विचारले, "पोरगी कशी आहे?" मी म्हणाले, बरी आहे. मग म्हणाल्या, "डबी मागितली असती तर दिली असती की मी." मी त्यांना परत कामावर या म्हटले. त्या म्हणाल्या, दुसरीकडे काम लागलंय. लागले नव्हते, हे मला पुढे महिन्याभराने कळले.

येत्या रविवारी सकाळी मंडळाच्या सभागृहात शौचतपासणीची सोय केली आहे. नाल्याकाठच्या वस्तीतल्या भगिनींनाही निरोप गेला आहे, आणि त्यांच्यासाठी वेगळी रांग नाही. डब्या चिटणीसबाईंकडे ठेवल्या आहेत. घरात जितकी माणसे तितक्या घेऊन जा, आणि यजमानांची विसरू नका. आता फराळाला कोबीच्या वड्या आहेत. मी स्वतः केल्या आहेत, हात धुऊन.